जर्मनीला कुटुंब नेताना: बायको-मुलीचं काम कागदांचं, आई-बाबांचं विम्याचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही चिंचवडचे, मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३६. श्टुटगार्टच्या कंपनीचं वर्षाला ५४,००० युरोंचं पत्र हातात आहे. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी येत्या मार्चमध्ये सहा पूर्ण करेल. आई-बाबा साताऱ्याला असतात, बाबांना मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसवलेला आहे. आधी एकट्याने जावं की सगळ्यांनी मिळून, आणि दोन-तीन वर्षांत आई-बाबांना कायमचं तिकडे नेता येईल का, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी उत्तरं देते, कारणं मग सांगते. बायको आणि मुलगी यांचे अर्ज तुमच्या अर्जासोबतच करा. प्रत्यक्ष प्रवास तुम्ही सहा-आठ आठवडे आधी केलात तरी चालेल. आई-बाबांना भेटीसाठी दरवर्षी नेता येईल. कायमचं नेण्याची वाट कायद्यात आहे, पण बाबांची प्रकृती बघता आरोग्य विमा मिळणं अतिशय अवघड आहे. घरात हे आत्ताच, निघण्याआधी बोला. पुण्यातून जाणाऱ्या कुटुंबांच्या फायली मी अनेक वर्षं करते आहे. व्हिसा नाकारला गेल्यापेक्षा जास्त दुःख मी ‘आम्हाला वाटलं होतं नंतर आई-बाबांना बोलावता येईल’ या एका समजुतीतून झालेलं पाहिलं आहे.

तुमचं स्वतःचं काम सरळ आहे. तुम्ही ब्लू कार्डात (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना) बसता. २०२५ साली त्यासाठी वार्षिक पगाराची अट ४८,३०० युरो होती, आणि अभियंते, डॉक्टर, आयटीवाले अशा टंचाईच्या पेशांसाठी ४३,७५९.८० युरो. हे आकडे दर जानेवारीत वाढतात, तेव्हा अर्जाच्या वर्षाचा आकडा बघा; ५४,००० मध्ये तुम्हाला पुरेशी जागा आहे. नियुक्तिपत्रात ब्लू कार्डाऐवजी साधा कुशल कर्मचारी परवाना धरलेला असेल तर मनुष्यबळ विभागाला लगेच लिहा. फरक मोठा आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए-१ (अगदी प्राथमिक पातळीची) परीक्षा द्यावी लागत नाही. दुसऱ्या परवान्यावर ती साधारणपणे लागते, आणि परीक्षेची तारीख, अभ्यास, निकाल यांत बायकोचे चार-पाच महिने सहज जातात. शिवाय ब्लू कार्डावर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, बी-१ (मध्यम) पातळीची जर्मन असेल तर २१ महिन्यांतच.

कंपनीला आणखी एक विचारा: ‘वेगवान प्रक्रिया’ करणार का? यात मालक तिकडच्या परकीय नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून आगाऊ मंजुरी मिळवतो आणि मग इथली भेटीची तारीख आणि निर्णय दोन्ही लवकर होतात. अर्ज जवळपास एकाच वेळी केले तर पत्नी आणि अल्पवयीन मुलंही त्याच मंजुरीत येतात. बऱ्याच कंपन्या आपणहून हे सांगत नाहीत. विचारलं की करतात.

राष्ट्रीय व्हिसाचे (म्हणजे तीन महिन्यांहून जास्त राहण्यासाठीच्या व्हिसाचे) अर्ज २०२५ पासून ऑनलाइन पोर्टलवर भरता येतात. कागद आधी तपासले जातात, मग बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायला जायचं. महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतं. शुल्क मोठ्यांना ७५ युरो, लहानांना ३७.५०. प्रवासाच्या दिवसापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतचा विमा वेगळा घ्यावा लागतो. तो विसरल्यामुळे तयार फाईल आठवडाभर अडकते.

आता नावांकडे येऊ, कारण मराठी घरांच्या फायली सगळ्यात जास्त इथेच अडतात. समजा, तुमच्या पत्नीचं माहेरचं नाव मीनल वसंत जोशी. लग्नात तांदळात नाव लिहून ‘मधुरा’ केलं. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर मीनल, रेशनकार्डावर मधुरा, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव मधुरा, पासपोर्टवर पुन्हा मीनल, कारण तो लग्नाआधीचा. आपल्या डोळ्यांना ही एकच बाई. तिकडच्या अधिकाऱ्यासमोर दोन बायका असतात, आणि मुलीची आई नेमकी कोणती हे त्याला कागदावरून सिद्ध करून हवं असतं. अशा वेळी प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि पासपोर्ट नवा काढा. घरगुती हौसेपुरतंच ते नाव असेल तर मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं नाव महापालिकेकडून दुरुस्त करून घ्या. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून हे पहिलं काम.

मुलीचा दाखलाही एकदा नीट उलगडून वाचा. बारशाच्या आधी रुग्णालयाने नोंद केली असेल तर ‘बाळाचे नाव’ हा रकाना कित्येकदा कोराच असतो. नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं, पण ते जन्मनोंद जिथे झाली तिथेच. बाळंतपण माहेरी सांगलीला झालं असेल तर सांगलीला जावं लागेल. दाखला ग्रामपंचायतीचा आणि फक्त मराठीत असेल तर भाषांतर जोडा.

बापाचं नाव मधलं नाव म्हणून लावायची आपली पद्धत तिकडे समजत नाही. पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ या रकान्यात ‘ईशा समीर’ असेल तर जर्मनीत शाळेपासून विमा कार्डापर्यंत तिचं पहिलं नाव ‘ईशा समीर’च होणार. त्याने काही बिघडत नाही, मात्र सगळीकडे ते अक्षरशः तसंच लिहायचं. एका ठिकाणी ‘समीर’ गाळलं की पत्रव्यवहार सुरू.

अपोस्टिलबद्दल (दाखला परदेशात खरा मानावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) तुम्ही विचारलं नाहीत, पण एजंट पहिल्याच दिवशी त्याचे पैसे मागतात म्हणून सांगते. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवलेली आहे. त्यामुळे अपोस्टिलचा शिक्का मारला की दाखला तिथे आपोआप खरा ठरला, असं होत नाही. संशय आला तर जर्मन बाजू स्वतःची पडताळणी करू शकते. दूतावासाच्या चालू यादीत ज्या कागदासाठी जे मागितलं असेल तेवढंच करा.

प्रवासाचा क्रम. तुम्ही पुढे जाण्याचं एकच खरं कारण म्हणजे घर. व्हिसासाठी पत्नी आणि मुलांच्या बाबतीत आता घराच्या क्षेत्रफळाचा पुरावा ब्लू कार्डवाल्याकडून मागत नाहीत, पण श्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर मिळणं कठीण आहे आणि ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मिळत नाही. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी. कित्येक घरांत स्वयंपाकघर नसतंच. म्हणजे ओटा, सिंक, शेगडी काही नाही, भिंतीतून आलेले नळाचे पाइप तेवढे. खर्चात हे धरा. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी तात्पुरतं घर घ्याल तेव्हा मालकाला लेखी विचारा की त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करू देणार का. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते, आणि तिच्यासाठी घरमालकाची सही केलेला कागद लागतो. नोंदणी झाल्यावर कर क्रमांक, त्यानंतर पगार नीट, मग बँक, विमा, परवाना, शाळा. स्वस्त खोली घेऊन मालकाने नोंदणीला नकार दिला तर ही सगळी साखळी थांबते.

मुलीचं गणित मात्र तुम्हाला फार लांबवू देणार नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात ३० जूनपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या सप्टेंबरपासून शाळा सक्तीची आहे. तिचे मार्चमध्ये सहा होतात, म्हणजे सप्टेंबरला पहिली. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तिथे तयारी वर्ग असतात आणि सरकारी शाळेला फी नाही. मे-जूनपर्यंत ती तिथे पोचली तर उन्हाळ्यात शेजारपाजारच्या मुलांत मिसळेल, थोडी भाषा कानावर पडेल. ऑगस्टच्या शेवटी नेऊन सप्टेंबरात वर्गात बसवलेली मुलं मी पाहिली आहेत. पहिले काही महिने ती शाळेत गप्पच असतात. इतक्या लहान जीवाला थोडा अवधी द्या.

पत्नीला पहिल्या दिवसापासून कुठेही नोकरी करायची मुभा असेल. तरी सरकारी शाळेत शिकवण्यासाठी पदवीची मान्यता आणि फार वरच्या पातळीची जर्मन लागते, म्हणून त्यांनी परीक्षेची सक्ती नसली तरी इथूनच भाषा सुरू करावी. इंग्रजी शाळा, पाळणाघरं, कंपन्यांतलं प्रशिक्षण हे दरवाजे तुलनेने लवकर उघडतात. पतीच्या मागे परदेशी गेलेल्या शिकलेल्या बाईचं पहिलं वर्ष फार एकटं जातं, आणि व्हिसाच्या यादीत त्यासाठी रकाना नसतो. भाषेच्या वर्गाचे पैसे तुमच्या बजेटात पहिल्या महिन्यापासून हवेत.

आरोग्य विमा सरकारी घ्यायचा की खासगी, हा प्रश्न तुमच्या पगाराला येणारच नाही. २०२५ मध्ये ७३,८०० युरोंच्या वर पगार असेल तरच नोकरदाराला खासगीची निवड होती. तुम्ही सरकारी योजनेत जाल, आणि नोकरी नसलेली पत्नी व मुलगी त्याच हप्त्यात येतील. आई-बाबा मात्र त्यात येत नाहीत, भेटीला आले तरी नाही आणि राहायला आले तरी नाही.

कायम वास्तव्याचं सांगते. १ मार्च २०२४ पासून नियम बदलला: त्या तारखेला किंवा नंतर ज्याला पहिल्यांदा ब्लू कार्ड किंवा कुशल कर्मचाऱ्याचा परवाना मिळाला, तो आपल्या आई-वडिलांना राहायला बोलावू शकतो. जोडीदार तिथेच कायम राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही. हे खरं आहे, आणि समाजमाध्यमांवर यावर उत्साहाने बोलतात. पुढचं वाक्य मात्र सहसा कोणी वाचत नाही. त्यांचा सगळा खर्च, पुरेसं घर आणि जर्मनीतला पूर्ण आरोग्य विमा यांची सोय अर्जाच्या वेळी सिद्ध करावी लागते. पंचावन्नच्या पुढे बाहेरून येणाऱ्याला सरकारी योजनेचं दार जवळपास बंद असतं. खासगी कंपनी वय आणि आजार बघते. मधुमेह आणि स्टेंट असलेल्या पासष्टीच्या माणसाला बहुधा ती नकार देते, नाहीतर हप्ता असा सांगते की दोघांचा मिळून तुमच्या भाड्याएवढा होतो. प्रवासी विमा इथे चालत नाही. म्हणून तिथे गेल्यावर पहिल्या वर्षातच स्वतंत्र विमा सल्लागाराकडून बाबांच्या वैद्यकीय कागदांवर लेखी दर मागवा. नकार आला तर तोही लेखी घ्या. त्यानंतरच साताऱ्याच्या घराचं काय करायचं याचा विचार करा. मुलगा नेणार म्हणून राहतं घर आधीच विकलेले आई-बाप मला भेटले आहेत, आणि ती वेळ कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

भेटीचा व्हिसा ही तुमच्या आई-बाबांची खरी वाट. तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा थोड्या मुदतीचा व्हिसा: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मी दोन-अडीच महिने आधी करायला सांगते, कारण उन्हाळ्यात भेटीच्या तारखाच मिळत नाहीत. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा.

खर्चाची हमी तुम्ही घ्यायची. त्यासाठी तिथल्या परकीय नागरिक कार्यालयात जाऊन पगारपत्रकं, भाडेकरार दाखवून औपचारिक हमीपत्र करायचं, २९ युरो. साध्या कागदावरचं आमंत्रण त्याची जागा घेत नाही. या सहीला वजन आहे: विम्याने न दिलेलं रुग्णालयाचं बिल तुमच्या दारात येऊ शकतं. पोचल्यावर तीन-चार पगार हातात आले की मगच हे करायला जा.

पण व्हिसा देणाऱ्याच्या मनात पैशापेक्षा मोठा प्रश्न असतो: हे परत जातील का? त्याचं उत्तर साताऱ्याच्या कागदांनी द्यायचं. बाबांचं पेन्शन प्रमाणपत्र, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मुदत ठेवी, प्राप्तिकर विवरणं, सहा महिन्यांचे खाते उतारे. दुसरा मुलगा किंवा मुलगी इथे असेल तर तेही लिहा. अर्जाच्या आधी पंधरा दिवस बाबांच्या खात्यात पाच लाख टाकू नका. रोज हजारो उतारे बघणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं आणि खऱ्या पेन्शनवरही संशय येतो. सोबतचं पत्र बाबांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं, एक पान: कोणाकडे, किती दिवस, परत कधी आणि का. ‘नातीच्या शाळेचा पहिला दिवस बघायचा आहे, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढायला परत यायचं आहे’ एवढी दोन वाक्यं पुरेशी आहेत, अर्थात खरी असतील तर. सहलीचा बनावट कार्यक्रम जोडू नका. मुलाकडे राहायला निघालेल्या माणसाने पॅरिस-रोमची हॉटेलं दाखवली की प्रश्न वाढतात.

पूर्वी नकार आला तर दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. म्हणून पहिलीच फाईल पूर्ण हवी. पहिल्या खेपेला तीन महिन्यांचा हट्टही धरू नका. पाच-सहा आठवडे मागा, वेळेत परत या. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी पद्धत अशी आहे की मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा अनेक-प्रवेश व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. मात्र पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. आई-बाबांचे पासपोर्ट वर्ष-दीड वर्षात संपणार असतील तर आधी नवे काढा.

९० दिवसांचा हिशेब बोटांवर करू नका. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. आई १ मार्चला उतरली तर शेवटचा दिवस २९ मे. त्यानंतर पुन्हा पूर्ण ९० दिवस हवे असतील तर २८ ऑगस्टच्या आधी पाऊल ठेवायचं नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने यंत्राने नोंद सुरू झाली आहे, चेहरा आणि ठसे घेतात. एक दिवस जास्त झाला तरी तो दिसतो. पुढे घरात दुसरं बाळंतपण आलं तर आधी आई मग सासूबाई असं लावा. चौघं एकदम आली की सगळ्यांचे ९० दिवसही एकदमच संपतात, आणि बाळ तीन महिन्यांचं असताना मदतीला कोणी उरत नाही.

बाबांच्या विम्याची कागदावरची बारीक अक्षरं वाचा. ३०,००० युरोंची स्वस्त पॉलिसी व्हिसाला चालते, पण जुन्या आजारातून उद्भवलेला त्रास बहुतेक त्यातून वगळलेला असतो. हृदयाचा इतिहास आहे तेव्हा आधीचे आजार निदान तातडीच्या उपचारांपुरते धरणारी पॉलिसी घ्या, महाग पडली तरी. अर्जात स्टेंट लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो. औषधं तीन महिन्यांपुरती स्वतःच्या वापरासाठी नेता येतात. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, म्हणजे पट्टी हरवली तरी तिथला डॉक्टर ओळखेल.

आईला एक मात्र आधीच सांगा: साजूक तूप, पेढे, खवा, काहीही दुधाचं बॅगेत घालायचं नाही. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, सीमाशुल्कवाले काढून टाकतात. हापूससुद्धा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, चकल्या खुशाल न्या.

शेवटी तुमच्या पहिल्या दिवाळीला भारतात येण्याचं. व्हिसाची मुदत संपत आली आणि परवान्याचं कार्ड अजून आलं नसेल (मोठ्या शहरांत महिने लागतात) तर कार्यालय तात्पुरतं प्रमाणपत्र देतं. त्यावर जर्मन वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ चं कोणतं पोटकलम खूण केलंय ते बघा. पोटकलम ४ असेल तर जुन्या व्हिसाचे हक्क चालू राहतात आणि भारतात येऊन परत जाता येतं. पोटकलम ३ असेल तर बाहेर पडलात की त्या कागदावर परत प्रवेश नाही. तिघांचीही प्रमाणपत्रं वेगवेगळी तपासा, आणि तिकीट त्यानंतर काढा.